पाणी आलं, नेट गेलं

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. आळस हे कारण नेहमीचंच, पण या खेपेला खरंच कामात होतो. काम काय, तर घरात वायफाय बसवणं. हसू नका. दोन खोल्यांच्या घरात वायफाय नीट चालवायला एका इंजिनिअरला (तेही कॉम्प्युटर नेटवर्क्सचा पेपर पहिल्या फटक्यात सुटलेल्या इंजिनिअरला) तब्बल तीन आठवडे लागले. आणि शेवटी बग शोधला तो आईने.

आता घर म्हणजे माझा पुण्यातला फ्लॅट नव्हे. घर म्हणजे परंडा. ऑफिसात कुणी "गाव कुठलं?" विचारलं आणि मी "परंडा" म्हटलं की समोरचा दोन सेकंद गप्प बसतो. मग मी "बार्शीच्या पुढे" म्हणतो आणि त्याचा जीव भांड्यात पडतो. जिल्हा धाराशिव, म्हणजे २०२३ मध्ये नाव बदललं तोवरचा उस्मानाबाद. गावात भुईकोट किल्ला आहे, चांगला खंदक-बिंदक असलेला. विजापूरला जाऊन लोक ज्या मुलूखमैदान तोफेसमोर फोटो काढतात ना, ती आमच्या किल्ल्यावर होती. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली, पंचावन्न टनांच्या आसपास वजनाची ती तोफ १६३२ मध्ये इथून विजापूरला नेली. त्या काळातले रस्ते आणि ते वजन डोळ्यासमोर आणा म्हणजे नेणाऱ्यांची चिकाटी कळेल. पप्पा म्हणायचे, परंड्यातून जे जड जड ते सगळं आधी गेलं, मग पोरं जायला लागली. पोरं काय, एसटीतसुद्धा मावतात.

मीही त्यातलाच. बारावीनंतर इंजिनिअरिंगला सोलापूर, मग पुणे. पप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून घरी आई एकटी असते. ती शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. पुण्याला चल म्हटलं की एकच उत्तर, "तिथं मला कोण ओळखतंय?" याला माझ्याकडे उत्तर नाही. पुण्यात मलाही शेजारचा ओळखत नाही, पण हे तिला सांगून माझीच बाजू पडली असती.

शेवटी मॅनेजरशी बोललो. तो माणूस बरा आहे. म्हणाला, महिन्यातले पंधरा दिवस गावाहून काम कर, पण क्लायंट कॉलला आवाज तुटला असं एकदाही कानावर येता कामा नये. तीन महिने बघू, मग ठरवू. म्हणजे आईजवळ मी महिन्यातले पंधरा दिवस राहणार की दिवाळी-उन्हाळ्यापुरता पाहुणा होणार, हे एका दहा बाय बाराच्या खोलीतल्या सिग्नलवर येऊन ठेपलं.

तर आता घराविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोळ घराचाच आहे. आमचं घर माळवदाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर, असं सपाट छत. भिंती दगड-मातीच्या, दोन फूट रुंद. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस असलं तरी आत पंखा एकवर चालतो. दोन खोल्या, एकामागे एक. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, गिऱ्हाइकं आणि कापडांचे ढीग. मागच्या खोलीत स्वयंपाक, एक कॉट, मांडणी, आणि दाराला लागून पाण्याचे ड्रम. मधलं दार जुन्या पद्धतीचं, अरुंद आणि बुटकं. पहिल्या दिवशी कपाळ आपटल्याशिवाय मी घरी आलोय असं मला वाटतच नाही.

लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, मी याच घरातून चार महिने काम केलं होतं. पण तेव्हा फोनच्या हॉटस्पॉटवर, आणि माळवदावर बसून, कारण खाली रेंज यायची नाही. पप्पांनी वर ताडपत्री बांधून दिली होती. मीटिंगमध्ये मागे कावळे ओरडायचे. तेव्हा सगळ्यांच्याच मागे काही ना काही ओरडत होतं, त्यामुळे चालून गेलं. आता चालत नाही.

या वेळी फायबर घेतलं. गावात फायबर आलंय याचंच मला आधी कौतुक. मी दुसरीत-तिसरीत असताना, जानेवारी २००५ मध्ये, बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती २५६ केबीपीएस. हल्ली तेवढ्यात एखादं गुड मॉर्निंगचं फूलही उमलायला वेळ लागेल. त्या काळात काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं, आणि सीनियर मंडळी गजर लावून उठायची म्हणे. २००५ च्या जानेवारीतच केंद्र सरकारने कमी ताकदीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या अटीतून मोकळा केला. आज आपण कुणालाही न विचारता राऊटर प्लगमध्ये खुपसतो ते त्या नियमाच्या जोरावर. अमेरिकेने हे असले पट्टे १९८५ मध्येच मोकळे केले होते. असो. इतिहास पुरे.

कनेक्शन द्यायला आलेला मुलगा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. खांबावरून वायर आणली, पुढच्या दाराच्या आत साधारण पाच फुटांवर पेटी ठोकली आणि म्हणाला, "झालं सर." मी म्हटलं, "मागच्या खोलीत लावता नाही का येणार?" तर म्हणाला, "वायर इथपर्यंतच पुरते." आता ही काही विजेची वायर नव्हे, की दातांनी सोलली, पिळा मारला आणि वरून चिकटपट्टी लावली. आत केसाएवढी काच असते. जोडायची तर दोन्ही टोकं कापून, समोरासमोर आणून, मशीनमधल्या ठिणगीने वितळवून एकजीव करावी लागतात. तेही केलं असतं त्याने, पण मशीन बार्शीला गेलं होतं. मीच म्हटलं, जाऊ दे, दोन खोल्यांचं घर आहे, पोचेल की.

पेटीतच वायफाय होतं. आईने ते दुपारभर निरखलं आणि संध्याकाळी तिला झालरीचं कव्हर शिवलं. टीव्हीला होतं तसंच, जांभळं. मी म्हटलं, अगं ते तापतं, हवा लागते त्याला. तर तिने मागच्या बाजूला काज्यासारख्या चार चिरा दिल्या. (हे कव्हर अजून आहे. तापमान मोजलं. चालतंय.)

पहिल्या संध्याकाळी मागच्या खोलीत चौरंगावर लॅपटॉप ठेवून टेस्ट केली. ठीक होतं. फार भारी नाही, पण कॉलला पुरेसं. दुसऱ्या दिवशीही ठीक. तिसऱ्या दिवशी सकाळच्या स्टँडअपमध्ये माझा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरला. दुपारी क्लायंट कॉलमध्ये माझं एक वाक्य तीन तुकड्यांत पोचलं, मधला तुकडा वगळून, आणि त्या मधल्या तुकड्यात "नाही" हा शब्द होता! ते निस्तरायला अर्धा दिवस गेला.

साहजिकच मी त्या मुलाला फोन केला. तो बिचारा आला, पेटीजवळ उभा राहिला, मोबाइलवर स्पीड टेस्ट केली आणि म्हणाला, "इथं तर पन्नास येतंय की सर." खरंच येत होतं. तो गेल्यावर पुन्हा मागे तेच. दोन दिवसांनी आपोआप सुधारलं. मग पुन्हा बिघडलं. मी त्याला आणखी दोनदा बोलावलं आणि तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात बोललो. पुण्यात राहून आपल्याला एक घाणेरडी सवय लागते, कस्टमर केअरशी बोलायची. तो काही बोलला नाही. "बघतो सर" म्हणून गेला. हे मुद्दाम लिहितोय, कारण चूक त्याची नव्हती.

मग मी नेटवरचे सगळे उपाय केले. चॅनल बदलून पाहिला. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या पायात न येणारे. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये वायफायची यादी उघडली तर वाढप्याच्या याद्यांसारखी खाली खाली जातच राहते, तिथे चॅनलला अर्थ आहे. इथे आमच्या गल्लीत मोजून चार नावं. गर्दीच नाही, तर कुणाच्या पायात कोण येणार? पाच गिगाहर्ट्झ करून पाहिलं. तिची लहर सहा सेंटीमीटरच्या आसपास, २.४ ची साडेबारा. भिंतीतून आरपार जायच्या बाबतीत पाच गिगाहर्ट्झवाली जास्तच नाजूक. दारातून जेवढी येईल तेवढीच. पुण्याहून आणलेला एक एक्स्टेंडरही लावला. पण हे प्रकरण म्हणजे कानात कुजबुजलेलं ऐकून मोठ्याने सांगणारा माणूस. त्यालाच नीट ऐकू आलं नाही तर तो मोठ्याने काय सांगणार?

एक गोष्ट मात्र या खटाटोपात लक्षात आली. नेटवरचे वायफायचे सल्ले बहुतेक लाकडाच्या चौकटीला जिप्समचे पत्रे ठोकलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात. "राऊटर घराच्या मध्यभागी ठेवा." अहो, आमच्या घराच्या मध्यभागी दोन फुटी भिंत आहे. पावसाळ्यात ती ओल धरते, मग तर विचारूच नका. आमच्या घरात सिग्नलला मागच्या खोलीत यायचा एकच खरा रस्ता, तो म्हणजे ते बुटकं दार. माणसांसारखंच.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायचं ते मी बाराव्या दिवशी केलं. बाहेरच्या सर्व्हरला पिंग करायचं सोडून पेटीलाच पिंग केलं. लॅपटॉप ते पेटी, फक्त एवढंच अंतर. पॅकेट तिथेच गळत होती. म्हणजे फायबर निर्दोष, कंपनी निर्दोष, तो मुलगा निर्दोष. घोळ घराच्या आत, पंधरा फुटांत. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मी हेच शिकवतो, की आधी स्वतःच्या मशीनपासून सुरुवात करा. शिकवणं वेगळं.

एक छोटी स्क्रिप्ट लिहून दर मिनिटाला सिग्नलची ताकद नोंदवायला लावली. हा आकडा डीबीएममध्ये येतो, उणे असतो. वजा पन्नास म्हणजे झकास, वजा ऐंशी म्हणजे गेलंच. मधल्या दर दहा अंकांना ताकद दहापट घटते. माझ्या चौरंगावर चांगल्या दिवशी वजा ५८ असायचं आणि वाईट दिवशी वजा ७६. म्हणजे साठपटीहून जास्त फरक. घर तेच, पेटी तीच, मी तोच. मग बदलतंय काय? वाईट काळ सुरू झाले त्या तारखा मी एक्सेलमध्ये पिवळ्या केल्या. सहा, दहा, पंधरा, एकोणीस. वारांचा मेळ नाही. हवामानाचा नाही. शेजारच्यांच्या टीव्हीचा नाही. (हो, तेही तपासलं.)

आई चहा घेऊन आली. "काय करायलास रे एवढं? सुट्टीच्या दिवशी?"

मी स्क्रीन दाखवली. तिला एक्सेल येत नाही, पण तारखा वाचता येतात. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या तर नळाच्या तारखा आहेत की."

आई कालनिर्णयवर सगळं लिहिते. दुधाचा खाडा, गॅसची टाकी कधी लावली, कुणाचे ब्लाऊजचे पैसे यायचेत. आणि नळ आला त्या तारखेभोवती गोल. सहाला गोल, दहाला गोल, पंधराला गोल, एकोणीसला गोल.

मी उठून दाराकडे पाहिलं. दाराच्या आतल्या अंगाला, चौकटीला अगदी खेटून, दोनशे लिटरचे तीन निळे ड्रम उभे. त्यातला पहिला तर निम्म्या दारात आलेला. नळ अंगणात, पाइप तिथून पुढच्या खोलीतून मधल्या दारापर्यंतच पुरतो, म्हणून ड्रम तिथे. पेटीची वायर तिथपर्यंतच पुरते, म्हणून पेटी तिथे. आणि या दोघांच्या बरोबर पलीकडे चौरंगाशी मांडी घालून मी.

पाणी म्हणजे या लहरींचा काळ. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात शिरली की दोन सेंटीमीटरच्या आत तिची निम्म्याहून जास्त ताकद जाते. ड्रमची जाडी दीड-दोन फूट, म्हणजे आरपार काहीच येत नाही. जे येतं ते कडेने, वरून, भिंतीवर आपटून. (मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, पण "पाण्याचा खास आकडा २.४५" वगैरे कॉलेजात ऐकलेलं खोटं आहे. पाणी त्याहून वरच्या लहरी आणखी जोरात शोषतं, वीस गिगाहर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त.) रिकामा प्लॅस्टिकचा ड्रम मात्र लहरीला दिसतसुद्धा नाही. नळ आला की ड्रम काठोकाठ, दार अर्धं बंद. मग आंघोळी, धुणं-भांडी होत पाण्याची पातळी उतरायची, तसतसं दार उघडायचं. आलेख काढला तर सिग्नल चार दिवस हळूहळू वर जाताना दिसत होता. आईने पाणी किती वापरलं ते मला रोज लॅपटॉपवर दिसत होतं आणि मी फायबरवाल्याच्या नावाने ओरडत होतो.

पहिल्यांदा मी हसलो. मग सरळ म्हटलं, "आई, ड्रम तिकडे सरकवू या ना, गॅसच्या बाजूला."

"न्हाई."

एवढंच. आई सहसा असं तोडून बोलत नाही. मी पुन्हा विचारलं, की निदान दोनच ठेवू, तीन कशाला? आपण दोघं, त्यात मी निम्मे दिवस नसतो.

मराठवाड्यातल्या नळांविषयी मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो : नळ रोज येतो अशी इथे कुणी अपेक्षा करत नाही. आला की भरायचं. २०१३ साली मी दहावीला होतो. तो दुष्काळ पेपरांत बराच आला होता. मला आठवतं ते एवढंच, की परीक्षेच्या दिवसांत पप्पा पहाटे सायकलला दोन कॅन लावून जायचे आणि मी अभ्यासाला उठायच्या आत यायचे. तेव्हा घरात एकच ड्रम होता. दुसरा त्याच वर्षी आला. तिसरा २०१६ मध्ये, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. मी तेव्हा सोलापुरात होस्टेलला, ती गाडी मोबाइलवर पाहिली होती. पप्पांनी आधीच्या दुष्काळातला ड्रम होता तरी आणखी एक आणला. हे मला आईने त्या दिवशी सांगितलं, ब्लाऊजची बाही उसवता उसवता, माझ्याकडे न बघता. "पहिले दोन रिकामे झाले तरी तिसरा भरलेला असला म्हणजे झोप लागते," म्हणाली.

मी पुन्हा ड्रमचं नाव काढलं नाही. सरकवायचे तर मला सरकायला हवं होतं, किंवा नेटला. गॅसच्या बाजूला खरं तर जागाही नव्हती, ते मी बोलण्याच्या भरात बोललो होतो.

मग उरला एकच उपाय, जो पहिल्यापासून होता पण "वायरलेस"च्या नादात मी बघत नव्हतो. वायर. पेटीपासून मागच्या खोलीपर्यंत साधी लॅन केबल टाकायची आणि पुण्यातून आणलेला जुना राऊटर मागे मांडणीवर ठेवून त्याला नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट करायचा. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते, मला दहा पुरणार होती. दारातून नेली तर आईच्या पायात येणार, चौकटीवरून नेली तर दार लागणार नाही. भिंतीतून न्यायची तर गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनचा ड्रिलचा सगळ्यात लांब बिटसुद्धा भिंतीच्या निम्म्यात संपतो. वरून माती भुसभुशीत, मध्ये दगड. पहार मारली तर काय काय खाली येईल सांगता येत नाही.

"तुझ्या पप्पांनी भोक पाडलेलं न्हाई का, मॅचसाठी?" आई म्हणाली.

मी पार विसरलो होतो. २०११ ची वर्ल्ड कप फायनल. तेव्हा केबल टीव्हीची वायर मागच्या गल्लीतून यायची आणि टीव्ही पुढच्या खोलीत. पप्पांनी आदल्या दिवशी दिवसभर खपून, बांधकामावरची सळई घेऊन, मांडणीच्या मागे भिंत आरपार केली आणि त्यात प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा बसवला. आई दिवसभर ओरडत होती, भिंत पडेल म्हणून. भिंत पडली नाही आणि आपण जिंकलो. पुढे डिश आली, वायर निघाली, आणि आईने उंदीर येतील म्हणून पाइपात कापडाचे बोळे कोंबून वरून पांढरी माती लिंपली.

भांडी उतरवली, मांडणी पुढे ओढली. लिंपण खरवडलं तर आत पाइप जसाच्या तसा. बोळा ओढून काढला. तो माझ्या शाळेच्या युनिफॉर्मच्या खाकी कापडाचा होता.

केबल बार्शीहून आणली. पाइप बारीक, कनेक्टरसकट जाईना, म्हणून टोकं कापून नुसती केबल ओढली आणि कनेक्टर घरीच बसवायचे ठरवले. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे : आठ बारीक तारा ठरलेल्या क्रमाने अगदी सरळ, एका रेषेत धराव्या लागतात. पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. माझे तीन कनेक्टर वाया गेले. दर वेळी एखादी तार ऐन वेळी शेजारणीवर चढायची. आईने चष्मा लावला, हातातून केबल घेतली, आठही तारा बोटांत पिळून सरळ केल्या, कात्रीने एका चापात समान कापल्या आणि कनेक्टरमध्ये सरकवल्या. जेमतेम मिनिट. तीस वर्षं सुईत दोरा ओवणारे हात ते. वर विचारते, "बाकी सगळ्यांच्या जोड्या शेजारी-शेजारी, मग हिरवीचीच का तोडली?" हा प्रश्न चार वर्षांच्या डिग्रीत मला पडला नव्हता. उत्तर शोधलं. मधल्या दोन जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी राखल्या, म्हणून निळी मध्ये बसली आणि हिरवी तिच्या दोन्ही अंगांना गेली. ऐकून आई म्हणाली, "म्हणजे आधी आलेल्याला जागा द्यावी लागली."

मागच्या राऊटरमधलं डीएचसीपी बंद केलं, पत्ता बदलला, नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखाच ठेवला. चौरंगावर वजा ४१. ड्रम कुठेही मध्ये नाही.

पासवर्डचं एक वेगळंच. चौथ्या दिवशी पेटीला अकरा डिव्हाइस जोडलेली दिसली. मला वाटलं हॅक झालं. चौकशी केली तर आईने पासवर्ड कागदावर लिहून गल्लीत दिलेला. विरजण मागायला यावं तशी पोरं आली, तिने दिला. मी सिक्युरिटीवर पाच मिनिटं भाषण केलं. ती म्हणाली, "त्यांची आई माझ्या डब्ब्याची चौकशी करते रोज, तू पुण्यात असताना." मग मी पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून दिलं, स्पीडला लगाम घालून. आता संध्याकाळी ओट्यावर पाच-सहा पोरं असतात. त्यातली एक मुलगी खरंच बारावीचे लेक्चर बघते. बाकीच्यांचं न विचारलेलं बरं :-)

फायबरवाल्या मुलाला फोन करून सॉरी म्हटलं. आधी त्याला कळेचना कशाबद्दल. मग ड्रमची गोष्ट सांगितली तर इतका हसला, की म्हणाला सर, माझ्या दोन-तीन गिऱ्हाइकांकडे जाऊन बघतो आता.

चोवीसला नळ आला, पहाटे पाचला. मी पाइप धरला, तिन्ही ड्रम काठोकाठ भरले. साडेदहाला क्लायंट कॉल होता, दीड तासाचा. स्क्रिप्ट बाजूला चालूच ठेवली होती. वजा ४१, वजा ४२, वजा ४१. आई मशीन बंद ठेवून पुढच्या खोलीत बसून होती, आवाज नको म्हणून. कॉल संपल्यावर मला तिकडून विचारलं, "लावू का आता?"

तीन महिन्यांतला एक संपला. या महिन्याचे माझे पंधरा दिवस उद्या संपतात, संध्याकाळच्या गाडीचं बुकिंग आहे. बॅग भरत होतो तर आई म्हणाली, "परवा नळ आहे. पाइप धरायला थांबला असतास." मॅनेजरला एक दिवस वाढवून मागितलाय. कारण लिहायच्या चौकटीत "पर्सनल" टाकलं. पाणी भरायचंय असं लिहिलं असतं तर त्याला फोन करून समजवावं लागलं असतं, आणि तो फोन तरी तुटला नसता.